लखनौच्या बरोबर खाली

परत आल्यापासून जो भेटतो तो आधी हेच विचारतो, "लखनौहून श्रीलंका किती लांब? विमानाला किती वेळ लागतो?" मी आता पाठ केलेलं उत्तर देते. सरळ रेषेत कोलंबो सुमारे बावीसशे किलोमीटर. सरळ विमान असतं तर तीन तास. पण तसं विमान नाही, म्हणून आधी तासभर दिल्लीकडे जायचं आणि तिथून साडेतीन तास खाली यायचं. दक्षिणेला जायला आधी वायव्येला! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

यातला सरळ रेषेचा हिशोब माझा नाही, बाबांचा आहे.

बाबा दूरसंचार खात्यात होते. अमरावतीहून बदली होऊन लखनौला आले आणि इथलेच झाले. माझ्या शाळेच्या ॲटलासमध्ये त्यांनी एकदा आईच्या शिवणाचा पांढरा दोरा लखनौवर धरून खाली ताणला, आणि तो भोपाळकडे नाही, हैदराबादकडे नाही, थेट जाऊन श्रीलंकेवर टेकला. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी मला हाक मारली. "सुजू, बघ! अनुराधपूर आपल्या बरोबर खाली आहे. आपण वरच्या मजल्यावर राहतो असं समज." पानाच्या कडेला पेन्सिलीने अंतर आणि तास लिहून ठेवले. अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, बोधिवृक्षाची फांदी नेऊन लावली ते हे अनुराधपूर. एका वैशाख पौर्णिमेला आईला घेऊन त्या झाडाखाली बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आधी माझं लग्न, मग घराचं कर्ज, मग गुडघे, असं करत ते पुढे पुढे ढकललं गेलं, आणि दोन हजार सतराच्या पावसाळ्यात बाबाच गेले.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसायची. तिच्या माहेरी अमरावतीला सगळ्याच बाया नेसतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. पण लखनौत आमच्या जानकीपुरमच्या गल्लीत पहिल्याच वर्षी समोरच्या मिश्रा चाची तिला बघून दारातच थबकल्या. "अरे दीदी, भाईसाहब तो सलामत हैं, फिर ये सफ़ेद काहे?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. तरी तेव्हापासून आई पांढरी साडी घरात नेसायची, वंदना करायची, आणि खीर वाटायला बाहेर पडताना साडी बदलायची. जे शहर पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने चिकनचं भरतकाम करण्यासाठी ओळखलं जातं, त्या शहरात! बाबांनी मुद्दाम अमीनाबादच्या बाजारातून तिला पांढऱ्यावर पांढरं काम केलेली चिकनची साडी आणली होती. आई ती तेवढ्या दोन खोल्यांत मिरवत राहिली.

बाबा गेल्यावर पहिल्या पौर्णिमेला मी ती साडी काढून ठेवली, तर आईने ती परत कपाटात टाकली.

"आता नाही नेसत. आता नेसली तर साऱ्यायले पटेल," ती म्हणाली. "म्हणूनच नाही."

मी त्या आठवड्यात तिकिटं काढली.

तयारी

मी औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत आहे. दिवसभर मोजमाप करते आणि घरी येऊनही ती खोड जात नाही. मी कॉम्प्युटरवर तक्ता केला. घरातलं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उघडलं. बुद्धपौर्णिमा, सोमवार. म्हणजे शनिवारी दिल्लीत मैत्रिणीकडे मुक्काम, रविवारी सकाळचं विमान, दुपारी कोलंबो, रात्री आराम, सोमवारी पहाटे निघून सकाळी अनुराधपूर. सामानाची यादी केली, तिघींची वेगवेगळी. आई, मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक मैत्री. नवऱ्याला सुट्टी नव्हती. तो म्हणाला, "तुझ्या तक्त्यात मला घातलंस तर मीही चुकायचो."

आईने यादी वाचली आणि घडी करून पिशवीत ठेवली. "छान आहे," एवढंच म्हणाली. मी खूश. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा कुणी माझ्या कानात सांगायला हवं होतं.

रविवार सकाळ, ढगांच्या वर

विमानात शिरलो तर निम्मं विमान पांढऱ्या कपड्यांत. बुद्धगया, श्रावस्ती करून परतणारा यात्रेकरूंचा मोठा जथा होता. मला वाटलं, यात्रा कंपनीने गणवेश दिला असेल. आईच्या शेजारी सोमावती नावाच्या निवृत्त शिक्षिका बसल्या. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. श्रावस्तीहून येताना त्या लखनौला थांबल्या होत्या आणि चौक बाजारातून चिकनचं कापड घेतलं होतं. त्यांनी ते आईला हाताने चाचपून दाखवलं. आईने उलटी बाजू बघितली, गाठी मोजल्या आणि मान डोलावली. दोघींची भाषा एक नव्हती, पण टाक्यांवरून ओळख पक्की झाली.

मग सोमावतींनी आईच्या कॉफी रंगाच्या साडीकडे बघून मला विचारलं, "अम्मा आज पांढऱ्यात नाहीत?"

"उद्या," मी म्हटलं. "पौर्णिमा उद्या आहे ना."

"नो, नो. टुडे. आज वेसाक!"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली, त्यात आजच्या तारखेवर पूर्ण चंद्र छापलेला. मागच्या रांगेतून दोघांनी वाकून दुजोरा दिला. त्यांनी समजावलं ते असं, की पौर्णिमा आज सकाळी लागली आणि उद्या सूर्य वर आल्यावर लगेच संपते. आपल्याकडे सूर्योदयाला जी तिथी असते ती त्या दिवसाची, म्हणून आपली उद्या. त्यांच्याकडे ज्या रात्री चंद्र पूर्ण, तो दिवस. म्हणून त्यांची आज.

अंतर मोजलं, तास मोजले, बॅगांचं वजन ग्रॅममध्ये मोजलं, आणि चंद्रच चुकला! माझ्या तक्त्याप्रमाणे आम्ही अनुराधपूरला पोचणार होतो सोमवारी सकाळी, म्हणजे वरातीमागून घोडं.

मी आईला सांगितलं. वाटलं होतं रागावेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "अजून किती वेळ?"

"उतरायला दोन तास."

"आणि तिथून?"

"गाडीने चार."

"मग आज पोचतो ना आपण," आई म्हणाली. "चंद्र निघेपर्यंत पोचलो म्हणजे झालं. बाबांचं राहिलंय ते, सुजू. उद्याचं शिळं नाही चालायचं."

मैत्रीने कानातली वायर काढली. "नानी इज़ ऑन अ मिशन! मम्मी, आपका चार्ट गया."

रविवार दुपार, रस्त्यावर

घड्याळ बदलावं लागलं नाही, तिथली वेळ आपलीच. बारा-सव्वाबाराला उतरलो. हॉटेलने पाठवलेला ड्रायव्हर निमल नावाची पाटी धरून उभा होता. म्हणजे नाव त्याचं निमल आणि पाटीवर माझं. मी त्याला धापा टाकत सांगितलं, हॉटेल नको, आत्ता अनुराधपूर. तो साठीचा, शांत माणूस. त्याने आईकडे बघितलं आणि म्हणाला, "आज रस्ता लांब आहे, मॅडम."

"का? एकशे सत्तर किलोमीटरच ना?"

"किलोमीटर तेवढेच. पण वाटेत दानसल आहेत."

दानसल काय ते पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. एका वळणावर दहा-पंधरा माणसं रस्त्यात उभी, हातात झेंडे, तोंडाने आरडाओरडा. मला वाटलं मोर्चा. निमलने गाडी बाजूला घेतली आणि खिडकीतून कागदाच्या पुड्या आत आल्या. उकडलेले हरभरे, वर लाल मिरची आणि ओल्या खोबऱ्याचे काप. पैसे घ्यायचेच नाहीत. उलट तेच हात जोडतायत, खा, खा.

आई सरसावून बसली. "बाप्पा! हे तर आपलं बडा मंगल!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जेठ महिन्यातल्या मंगळवारी लखनौत हनुमानाच्या नावाने चौकाचौकात मांडव पडतात, पुरी-सब्जी आणि बुंदी वाटतात, शरबताच्या बादल्या घेऊन माणसं भर रस्त्यात रिक्षा अडवतात. "भैया, प्रसाद लेते जाइए!" म्हणत. न खाता कुणी सुटत नाही. आमच्या गल्लीच्या भंडाऱ्यात आई पंचवीस वर्षं कद्दू, म्हणजे लाल भोपळा, चिरत आली आहे. देव त्यांचा, चाकू आमचा, असं बाबा म्हणायचे. इथे हनुमानाच्या जागी बुद्ध, बाकी ऊन तेच, घाम तोच आणि आग्रहही तोच. दोन हजार किलोमीटर खाली येऊन मी पुन्हा जानकीपुरमच्या चौकात उभी होते. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि दुसरीकडे घड्याळाकडे बघून रडू येत होतं.

दुसरं दानसल बेलाच्या फुलांच्या काढ्याचं. तो गोड, तपकिरी, धुरकट वासाचा. मैत्री दोन पेले प्यायली. "मम्मी, लखनऊ में बेल का शरबत, यहाँ बेल के फूल का। नीचे वाले ज़्यादा मेहनती हैं।" तिसरं आइस्क्रीमचं, तिथे शाळेची पोरंच पोरं. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. कुरुणेगल मागे पडलं तेव्हा तीन वाजून गेले होते.

"निमल, आता कुठेही थांबायचं नाही," मी म्हणाले.

"मॅडम, हे लोक आठवडाभर तयारी करतात. आपण खाल्लं तर त्यांना पुण्य. आपण गेलो तर त्यांचं नुकसान."

मैत्रीने त्याला भैया म्हटलं तर त्याने सांगितलं होतं की सिंहलीत मोठ्या भावाला अय्या म्हणतात. म्हणून ती आता पुढे वाकून म्हणाली, "निमल अय्या, आप चलाते रहो, मम्मी टेंशन में है।" त्याला हिंदी कळत नव्हती, पण टेंशन कळलं.

पादेणिय गावाच्या पुढे मोठं दानसल लागलं, भाताचं. मांडव, लांबच लांब रांग, भलीमोठी पातेली. मी डोळे मिटून घेतले. आणि आईचा आवाज आला, "थांबव."

"आई, उशीर होतोय! तुझंच झाड आहे ना?"

"अगं, वाढायले हात कमी आहेत. दिसत नाही का?"

खरंच. पाच-सहा बाया आणि समोर दोनशे माणसं. आई उतरली, नळावर हात धुतले आणि पातेल्यापाशी जाऊन एका बाईच्या हातातला डाव मागून घेतला. सांगायला भाषा नव्हती, पण डाव मागायला भाषा लागत नाही. ती भात वाढू लागली. एका हाताने पान फिरवायचं, दुसऱ्याने डाव, मध्ये एक शीत सांडायचं नाही. पंचवीस वर्षांचा सराव! दोन मिनिटांत रांग दुप्पट वेगाने सरकायला लागली. त्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या आणि तिला "अम्मा, अम्मा" करत डाळ, फणसाची भाजी, नारळाची चटणी अशी पातेली तिच्यापुढे सरकवू लागल्या. मैत्री पाणी वाटायला गेली. मी घड्याळ बघत उभी. चार. सव्वाचार.

मग आईने डाव खाली ठेवला. माझ्याकडे आली. वाटलं, दमली.

"माझी बॅग काढ."

बॅग घेऊन ती मांडवामागच्या घरात गेली. एक बाई सोबत. मी निमलशी किती वेळ लागेल यावर वाद घालत होते, तेव्हा मैत्रीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

आई दारात उभी होती. पांढरी चिकनची साडी. बाबांची.

त्या उन्हात, त्या मांडवापुढे, जिथे पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळेच पांढऱ्यात होते, तिथे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. फक्त डाव परत मिळालेल्या बाईने निऱ्या पायाशी जरा सारख्या करून दिल्या आणि कामाला लागली.

"तू आणली होतीस?" मी विचारलं. "यादीत तर नव्हती."

"तुझ्या यादीत नव्हती," आई म्हणाली. "बॅग मी भरली. चल, आता कुठी थांबू नको."

गाडीत ती बराच वेळ पदराची किनार बोटाने चाचपत होती. मग तीच बोलली. "वाटलं होतं, आणू तर. नेसायचं काही पक्कं नव्हतं. पण तिथं त्या बाया वाढत होत्या ना, आणि मीच एक कॉफी. मलाच कसंतरी झालं." मग स्वतःशीच हसली. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

अनुराधपूर, दिवेलागण

गाडी लांब ठेवावी लागली. चपला काढून आम्ही चालू लागलो, आणि समोर पांढरं, मागे पांढरं, डाव्या-उजव्या हाताला पांढरं. मी इतकी माणसं पाहिली आहेत, पण एवढी गर्दी इतक्या हळू आवाजात पाहिली नव्हती. हातात कमळं, निळी कुमुदं, पाण्याचे तांबे. धक्का लागला तर समोरचाच वाकायचा. आपल्याकडे एवढ्या माणसांत एव्हाना दोन भांडणं झाली असती आणि एक ध्वनिक्षेपक फुटला असता.

झाड बघून मी चाट पडले. मी वडासारखं अवाढव्य काहीतरी डोळ्यांपुढे आणलं होतं. प्रत्यक्षात उंच चौथऱ्यावर एक कललेली, बारीकशी फांदी, तिला सोनेरी टेकू दिलेले. म्हाताऱ्या माणसाला घरातले धरून बसवतात तशी. पण पानं कोवळी, तांबूस, आणि वारा नसतानाही हलणारी.

मी वर बघत राहिले, आणि खाली पाहते तर आई नाही.

आता पांढऱ्या साडीतल्या बाईला त्या गर्दीत शोधायचं कसं? मी हाक मारली, मैत्रीने हाक मारली. "आई" म्हटलं तर कुणी बघेना, "अम्मा" म्हटलं तर शंभर बाया वळल्या! निमल पोलिसाशी बोलायला गेला. दहा मिनिटं माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चिकनमध्ये पांढऱ्यावरचा पांढरा टाका दिसायला कापड उजेडासमोर तिरकं धरावं लागतं. इथे कापड केवढं!

शेवटी मैत्रीला ती सापडली. चौथऱ्याच्या पश्चिमेला, वाळूत, मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले. आणि तिच्या उजव्या हाताला, त्या गच्च गर्दीत, एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती. तिथे बाबांचा चौकडीचा मोठा रुमाल पसरला होता. एक सिंहली आजोबा तिथे बसायला वाकले, तर आईने डोळे न उघडता रुमालावर हात ठेवला. आजोबांनी हात जोडले आणि पलीकडे सरकून बसले.

आम्ही मागे बसलो. मैत्री, जी मराठी समजते पण कधी बोलत नाही, माझ्या कानाशी म्हणाली, "आजी रडत नाहीये." मराठीत. तिच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नाही.

झाडामागून चंद्र वर आला, मोठा, पिवळा. बाबांच्या दोऱ्याचं हे टोक असं मी मनात म्हटलं.

सोमवार

सकाळी आई पुन्हा पांढरी साडी नेसून तयार. मी म्हटलं, पौर्णिमा तर संपली.

"इथली. घरच्या कॅलेंडरची आज आहे ना? अमरावतीत आज साऱ्या नेसल्या असतील."

म्हणजे माझ्या चुकीने तिला एकाच वर्षी दोन बुद्धपौर्णिमा मिळाल्या. तक्ता फसला तो असा! नाश्त्याला गेस्टहाउसच्या मालकिणीने किरिबत दिला, नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वड्या पाडलेला, सोबत कांदा-मिरचीची झणझणीत चटणी. आपण खीर करताना गाईच्या दुधाऐवजी नारळाचं दूध आणि साखरेऐवजी मिरची घातली असती तर असंच काहीसं झालं असतं. मी तीन वड्या खाल्ल्या. आईने कृती विचारून घेतली, तांदूळ किती, दूध किती, सगळं बोटांवर. माझ्या तक्त्याची गरज पडली नाही.

जानकीपुरम

उतरलो तेव्हा लखनौ तापलेलं होतं. उत्तरेकडे जेठ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागतो, म्हणून पुढच्याच मंगळवारी गल्लीत भंडारा. सकाळी मी ऑफिसला निघत होते, तर आई पांढरी साडी नेसून, हातात चाकू घेऊन, कद्दू चिरायला निघालेली. दारात. बाहेर. मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला.

मांडवात मिश्रा चाची होत्या. आता त्यांचे केस पिकले आहेत. त्यांनी आईला बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. "दीदी," त्या म्हणाल्या, "अब तो पहनना ही पड़ेगा ना..."

आईने कद्दू पाटावर ठेवला.

"नहीं बहनजी, पड़ा नहीं, पहनी है," ती म्हणाली. "उन्होंने ही दिलाई थी, अमीनाबाद से। वहाँ हज़ारों लोग सफ़ेद में थे। किसी ने किसी से नहीं पूछा कि घर में कौन है और कौन नहीं।"

चाचींनी आईच्या पदराचा कोपरा हातात घेतला आणि उलटून मागचे टाके बघितले, लखनौची बाई बघते तसे.

"काम तो बहुत बारीक है," त्या म्हणाल्या. "इतने साल छुपा के क्यों रखी?"

आणि आईला बसायला जागा करून देत त्यांनी दुसरा चाकू उचलला.